पौर्णिमेचं परिपत्रक

ठिपका अडीच पिक्सेल रुंद होता. मध्ये जरा ठळक, कडेला विटका, शेजारच्या ताऱ्यापेक्षा बराच फिकट. श्यामलाने चारही चित्रं एकामागून एक पडद्यावर फिरवली. तारे जागच्या जागी राहिले. ठिपका मात्र प्रत्येक चित्रात थोडासा पश्चिमेला सरकला. तिने त्याचा मध्य धरला, आकडे वाचले, सोडून दिला, पुन्हा धरला, पुन्हा वाचले. दोन्ही वाचनं जुळली तेव्हा तिने खुर्चीला पाठ टेकली आणि शेजारी बसलेल्या अवधूतला म्हणाली, की आता तुझ्या संगणकावर एकदा पडताळून पाहू.

अवधूत हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. खगोल मंडळात तो नवीन होता. चित्रं त्यानेच काढली होती, लोणी काळभोरच्या पुढे माळावर मंडळाची दुर्बीण आहे तिथून, अमावस्येच्या आठवड्यात. मोजायचं काम श्यामलाचं. ती शनिवारी दुपारी आपल्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसून मोजायची, पंखा बंद ठेवून, कारण पंख्याने टेबल किंचित हलतं असा तिचा समज होता आणि तो खराही होता.

अवधूतने आपला लॅपटॉप उघडून तीच चित्रं चढवली. त्याने परवाच नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यात माहीत असलेले सगळे लघुग्रह आपोआप ओळखले जातात हे त्याला दाखवायचंच होतं. एक बटण दाबताच चित्रावर बारीक लाल वर्तुळं उमटली. त्यातलं एक वर्तुळ नेमकं त्या ठिपक्याभोवती पडलं. शेजारी कंसात पाच आकडी क्रमांक होता आणि त्यापुढे १९९७ हे साल आणि ती दोन अक्षरं, जी श्यामलाला स्वतःच्या जन्मतारखेइतकी पाठ होती.

"मॅडम, हा तर नंबर्ड आहे की. ऑलरेडी," अवधूत म्हणाला. "आपलाच ना हा? कुणी बोललं नाही ते. पार्टी बुडवलीत तुम्ही लोकांनी."

"ती वर्तुळं बंद कर," श्यामला म्हणाली.

हे ती केवळ सवयीने म्हणाली. मंडळाचे संस्थापक तात्याराव यांनी घालून दिलेला एक नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला ते पुढचे दोन महिने दुर्बिणीला हात लावू देत नसत. जो मोजतो त्याने भाकीत पाहायचं नाही. ठिपका कुठे असायला हवा हे आधी कळलं, की हात नकळत तिकडे झुकतो. माणूस खोटं बोलत नाही, पण मोजमाप बोलतं. म्हणून मोजणारा वेगळा, कक्षेचं गणित करणारा वेगळा. श्यामला मोजायची. गणित श्रीधर करायचा, आणि लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या परदेशातल्या केंद्राशी सगळा पत्रव्यवहारही त्याच्याच ई-मेलवरून चालायचा. या वाटणीतूनच दोघांची ओळख वाढली होती आणि तिचं लग्नात रूपांतर झालं होतं. तात्यारावांनी तेव्हा मंडळात जाहीर केलं होतं, की हा विवाह नियमात बसतो, कारण दोघं एकमेकांचे आकडे बघत नाहीत.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात, तो ठिपका सापडला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात असे दगड लाखांनी फिरतात. हा त्यातलाच एक, चारपाच किलोमीटरचा असेल नसेल. सूर्याभोवती फेरी मारायला त्याला साडेचार वर्षं लागतात. साधारण सव्वा वर्षातून एकदा पृथ्वी त्याला मागे टाकून पुढे जाते, त्या सुमाराला तो नीट दिसतो. अशा चार गाठीभेटी झाल्या, की त्याची कक्षा पक्की होते आणि त्याला कायमचा क्रमांक मिळतो. तोवर त्याचं नाव कच्चं. एखादी भेट हुकली, आणखी एक हुकली, की आकाशात तो कुठे गेला हे सांगता येत नाही. सापडलेला दगड हरवतो. नव्या क्रमांकांचं परिपत्रक केंद्राकडून दर पौर्णिमेला निघतं. चंद्राच्या उजेडात निरीक्षणं होत नाहीत, म्हणून ती मंडळी त्या दिवशी कागदाचं काम करतात.

अठ्ठ्याण्णव साली श्रीधर न्यू जर्सीला गेला. सन दोन हजार उजाडलं, की जगातले संगणक बिघडणार, ते टाळायला म्हणून पुण्यातली निम्मी पोरं तेव्हा विमानात बसत होती. श्यामलाने त्याला सांगितलं, की दगडाला क्रमांक मिळेपर्यंत मी थांबते. मंडळात मोजणारं दुसरं कुणी नाही. श्रीधरला ते पटलं. दोघांनी हिशेब केला, फार तर चार वर्षं. पण तिसरी भेट नेमकी आषाढात आली, पुण्याचं आकाश गळत होतं, आणि ती हुकली.

तेव्हापासून बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये दर पौर्णिमेला श्रीधरचा फोन यायचा. आधी तो आईशी बोलायचा, मग आप्पासाहेबांशी, शेवटी श्यामलाशी. "या पौर्णिमेलाही नाही," तो सांगायचा. आप्पासाहेब, म्हणजे श्यामलाचे सासरे, लष्कराच्या हिशेब कचेरीतून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी पेपरमधून डोकं वर न काढता सुनेला विचारायचे, "काय, दगड कुठवर आला?" आल्यागेल्याला सांगायचे, की आमच्या सुनेचा व्हिसा आभाळात अडकलाय. दगड सूर्याभोवती फिरतोय, चिरंजीव डॉलरभोवती फिरतायत, आणि आम्ही दोघं म्हातारी सुनेभोवती.

श्यामला हसायची. पण गेल्या पाच वर्षांत तिने पीएच.डी.ला नाव नोंदवलं नव्हतं, कारण जायचंच होतं. विभागप्रमुखपद दुसऱ्याला जाऊ दिलं होतं, कारण जायचंच होतं. स्वतःच्या पुस्तकांसाठी कपाटसुद्धा घेतलं नव्हतं. ती अजून खोक्यांत होती. मूल तिकडे गेल्यावर, असं ठरलं होतं. आता ती छत्तिसाव्या वर्षात होती.

"मॅडम, बरं वाटत नाहीये का?" अवधूतने विचारलं.

तिने त्याला विचारलं, की हा क्रमांक कधी दिला गेला ते कळेल का. कळेल की, तो म्हणाला. कॉलेजचं इंटरनेट संथ होतं. पान वरून खाली ओळीओळीने उमटत गेलं. शोधाची जागा: लोणी काळभोर. शोधकर्ते: मंडळाचं नाव. कुणा दुसऱ्या देशातल्या वेधशाळेच्या जुन्या चित्रांत हाच दगड आधी एकदा सापडला होता, आणि हुकलेली पावसाळ्यातली भेट दक्षिण गोलार्धातून कुणीतरी टिपली होती. सगळं जुळून कक्षा पक्की झाली होती. परिपत्रक एप्रिल २००१ च्या पौर्णिमेचं होतं.

आता फेब्रुवारी २००३ चालू होता.

श्यामलाने तारीख वाचली, डोळे मिटले, पुन्हा वाचली. दोन्ही वाचनं जुळली. एप्रिलमधली पौर्णिमा म्हणजे हनुमान जयंती. तिला तो दिवस आठवला. सासूबाईंनी हातावर सुंठवडा ठेवला होता, त्याचा तिखट कण घशात अडकला होता, आणि तेवढ्यात फोन वाजला होता. या पौर्णिमेलाही नाही. तिने खोकत खोकत बरं म्हटलं होतं.

अवधूतने लॅपटॉप मिटला. काहीतरी चुकलं हे त्याला कळलं, काय ते कळलं नाही. तो म्हणाला, की मेल कदाचित स्पॅममध्ये गेली असेल, असं होतं. श्यामला म्हणाली, की हो, होतं. तिने पंखा लावला. मग तो कशाला लावला हे न आठवून बंद केला.

घरी पोचली तेव्हा बैठकीत विड्याच्या पानांचा ढीग पडला होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, माघी पौर्णिमेला आप्पासाहेबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. एक्याऐंशीव्या वर्षात माणसाने हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात, म्हणून शांत करायची, दिव्यांनी ओवाळायचं, जेवणावळ घालायची. त्यासाठीच श्रीधर आठवड्यापूर्वी आला होता. तो सतरंजीवर मांडी घालून पाहुण्यांसाठी विडे बांधत होता. केस कानांवर पिकले होते. श्यामला त्याच्यासमोर बसली आणि तिनेही पान उचललं.

वाटेत, मार्केट यार्डच्या सिग्नलला स्कूटर बंद पडली आणि मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले तेव्हा, तिने एक ठरवलं होतं. मोजायचं तर नीट मोजायचं. आपल्याला काय माहीत आहे ते त्याला कळू द्यायचं नाही. मेल हरवलीही असेल. माणूस खोटं बोलत नाही, पण मोजमाप बोलतं.

"उद्या पौर्णिमा," ती म्हणाली. "परिपत्रक निघेल ना?"

"निघेल की." श्रीधरने पानावर चुना फिरवला. "जोशीकाकांच्या सायबर कॅफेत जाऊन बघून येईन संध्याकाळी. पण खरं सांगू, या वेळी अवघडच आहे. तुझी ही मोजमापं गेली, की मग विचार करतील. मे, जून. कदाचित आणखी एक भेट हवी म्हणतील. गेल्या महिन्यातही मी त्यांना लिहिलं होतं."

आवाजात तिळभर फरक नव्हता. त्याने लवंग टोचली, विडा खाली ठेवला, दुसरं पान घेतलं. श्यामलाच्या हातातलं पान तसंच राहिलं. रागाची ती वाट पाहत होती, पण राग आला नाही. थंडीत नळाखाली हात धरला की बोटं आपली वाटेनाशी होतात, तसं तिला सगळ्या अंगभर झालं. सासूबाई आतून म्हणाल्या, की श्यामला, खोबरं खवतेस का. ती उठली, आणि खोबरं खवलं. पाठीचा काळा भाग जराही येऊ न देता, पांढरं शुभ्र, जसं ती नेहमी खवायची.

रविवारचा कार्यक्रम कार्यालयात झाला. आप्पासाहेब सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून पाटावर बसले होते आणि गुरुजींना मंत्र जरा आवरते घ्या म्हणून सांगत होते, कारण एक हजार एकावा चंद्र इथेच बघायची त्यांची इच्छा नव्हती. सुनेने ओवाळलं. तबकातल्या ज्योती सारख्या उंचीच्या होत्या. नातेवाईकांनी श्यामलाला वळसे घालून घालून तेच विचारलं, मग आता कधी निघायचं? तिच्याऐवजी श्रीधरच उत्तर देत होता. मे-जूनमध्ये क्रमांक येईल असं वाटतं. मग बघू. एका मावशीने त्याची पाठ थोपटली. इतका समजूतदार नवरा मिळायला नशीब लागतं, दुसरा कुणी असता तर दगडाला केव्हाच पाण्यात टाकून मोकळा झाला असता, असं ती म्हणाली. श्रीधर नम्रपणे हसला. तो खरंच समजूतदार दिसत होता. श्यामला त्याच्याकडे बघत राहिली, कारण गेली सात वर्षं ज्या चेहऱ्याला ती ओळखत होती त्यात काहीही बदललेलं नव्हतं, आणि तेच तिला सोसत नव्हतं.

घरी आल्यावर आप्पासाहेब आडवे झाले. सासूबाईही कलंडल्या. श्रीधर गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभा होता. श्यामला बाहेर आली आणि तिने मागे दार लोटून घेतलं. सासूसासऱ्यांसमोर ती त्याला अहोजाहो करायची. दार लोटल्यावर तू.

"दोन वर्षांपूर्वीच्या हनुमान जयंतीला तू फोनवर काय म्हणाला होतास?"

श्रीधरने कठडा धरला. समोरच्या इमारतीवर कुणीतरी पापड वाळत घातले होते, तिकडे तो बघत राहिला.

"कुणी सांगितलं?"

काय, असं त्याने विचारलं नाही. कुणी, असं विचारलं. शेवटची शक्यता तिने तिथे सोडून दिली. मेल हरवली नव्हती.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "दर वेळी वाटायचं, पुढच्या पौर्णिमेला सांगू."

तिथे कुणी आहे का, असं तिने विचारलं. त्यावर त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला खरोखर आश्चर्य वाटलेलं तिला दिसलं.

"कुणी नाही गं. तेच तर. कुणीही नाही, आणि मला बरं वाटतं. घरी येतो, दार लावतो, भात टाकतो. कुणाशी बोलावं लागत नाही. तू आलीस तर तुझ्याशी काय बोलायचं, हेच मला सुचेना. तू वाईट आहेस म्हणून नव्हे. तुला येऊ नकोस म्हणायला काही कारण नव्हतं माझ्याकडे. आणि कारण तर तूच देऊन ठेवलं होतंस."

"आणि मी मोजत राहिले."

"ती मोजमापं मी सगळी पाठवली. एकही वाया गेलेलं नाही. छापून आली आहेत, कक्षा त्याने आणखी नेमकी झाली." हे त्याने तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं, आणि क्षणभर तिला बरं वाटलंही. त्याचाच तिला सर्वांत मोठा धक्का बसला. ती दोरीवरचा टॉवेल हातात धरून उभी राहिली.

"पण श्यामला, एक विचारू? कॉलेजात इंटरनेट येऊन तीन वर्षं झाली. तू कधीच का नाही बघितलंस?"

"नियम होता."

"तात्याराव जाऊन चार वर्षं झाली."

हनुमान जयंतीला सुंठवडा घशात अडकलेला असताना, नाही हा शब्द ऐकून छातीवरून काहीतरी उतरून हलकं वाटलं होतं, ते आता तिला आठवलं. खोकल्यामुळे असेल असं तेव्हा वाटलं होतं. ती दर पौर्णिमेला फोनपाशी जायची ती क्रमांकाच्या आशेने, असं घर म्हणायचं, आणि तीही तसंच मानत आली होती. ही गोष्ट तिने कधी मोजलीच नव्हती.

श्रीधर खालच्या आवाजात बोलायला लागला. आज आप्पांचा दिवस आहे. आज काही काढू नकोस. तो परवा जाईल, मग बघता येईल. किंवा असंच चालू दिलं तरी काय बिघडतं? सव्वा वर्षाने दगड पुन्हा येईल, तेव्हा ठरवू. "तू इथे आहेस म्हणून आईआप्पांचं नीट चाललंय. मी तिकडे निर्धास्त असतो ते तुझ्यामुळे. तुलाही नोकरी आहे, मंडळ आहे. कुणालाच त्रास नाही यात."

कुणालाच नाही. श्यामलाने टॉवेल दोरीवर परत टाकला, दोन्ही टोकं सारखी केली, चिमटे लावले. तिची बोटं अजून बधिर होती, पण चिमटे नीट लागले. पुढची सव्वा वर्षं तिला समोरच्या गच्चीइतकी स्पष्ट दिसली, आणि त्यांच्यापलीकडची सव्वा, आणि त्यांच्याही पलीकडची. त्यात ती कुठे असेल हे सांगायला गणित करणाऱ्याची गरज नव्हती. ती इथेच असेल, खोबरं पांढरं शुभ्र खवत.

चहाच्या वेळी आप्पासाहेब उठून बैठकीत आले. गंध पुसट झालं होतं. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. श्रीधर पेपर उघडून बसला होता. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात बिस्किटांची ताटली घेऊन.

"आज पौर्णिमा," आप्पासाहेब म्हणाले. "फोन करणारा घरात बसलाय, तेव्हा बिल वाचलं. काय रे, निघालं का तुमचं ते फर्मान?"

"संध्याकाळी बघून येतो, आप्पा. पण या वेळी तरी..."

"या वेळी तरी नाही. माहीत आहे. तुझ्या या वेळी तरीवर मी एक्याऐंशीचा झालो." त्यांनी बशी खाली ठेवली. सुनेकडे वळले तेव्हा आवाजातली खोच जरा उतरली होती. "तुला विचारतोय, श्यामला. थट्टा बाजूला. आमच्यासाठी थांबू नकोस आणि त्या दगडासाठीही नको. मला आता पुढच्या पौर्णिमांचा भरवसा नाही. तू जाणार कधी, ते एकदा सांगून टाक."

श्रीधरने पेपर खाली केला नाही, पण त्याचं पान हलायचं थांबलं.

श्यामला उभी होती. ती खाली बसली, सासऱ्यांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. या घरात तिला सर्वांत जास्त हसवलं ते या माणसाने, आणि आता त्यालाच हे सांगायचं होतं. तिने आधी क्रमांकाचं सांगितलं, तारखेसकट, एका वाक्यात. सासूबाईंच्या ताटलीतलं एक बिस्किट घसरून जमिनीवर पडलं. आप्पासाहेबांनी मुलाकडे पाहिलं, पेपरच्या आड काही दिसेना, तेव्हा पुन्हा सुनेकडे पाहिलं. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, आणि त्यातून एकही टोमणा बाहेर येत नव्हता.

"आप्पा," ती म्हणाली, "मी अमेरिकेला जाणार नाही. आणि तुमची सून म्हणून या घरातही राहणार नाही."